ओढ्याच्या दरडीत तिबोटी खंड्याचं बीळ, जेसीबी कधी लावायचा?

हेळवाककर
शेताकडं जाणारी गाडीवाट ओढ्यालगत आहे. कडेची साडेचार फुटी दरड छाटून वाट रुंद करायचीय. त्याच दरडीत दोनेक फुटांवर छोटं बीळ आहे. चिमणीएवढा, पोटाखाली पिवळा-नारिंगी, लाल चोचीचा पक्षी आत-बाहेर करतो. जेसीबी शुक्रवारी येतोय. हा तिबोटीच का? बीळ बाजूला हलवता येईल का? नाहीतर किती दिवस थांबायचं?

कोयनाकाठ
तिबोटीच. साधा खंड्या पाठीवर झळझळीत निळा असतो, मोठाही असतो आणि त्याची चोच काळपट. तिबोटीची पूर्ण लाल, पायाला बोटं तीनच. मासळीवर अडून नसतो; सापसुरळ्या, बेडूक, खेकडे, कोळी खातो. म्हणून पावसाळी ओघळही त्याला पुरते.

बीळ हलवता येत नाही. आत आडवा बोगदा असतो, शेवटी फुगीर खोली, अंडी नुसत्या मातीवर. दरड खणलीत की बोगदा ढासळतो, मग उचलायला काही उरत नाही.

दिवसांचं गणित: अंडी साधारण ४-५, उबवण सुमारे १७ दिवस, मग पिल्लं उडेपर्यंत १८-२०. पहिल्या अंड्यापासून धरा चाळीसेक दिवस. आता कुठवर आलंय ते बाहेरूनच कळतं. बिळाखाली ताजी माती सांडतेय तर खोदकाम चालू आहे. रिकाम्या चोचीनं एक आत जातो, दुसरा बाहेर येतो, तर उबवण. चोचीतल्या सापसुरळीचं डोकं बाहेरच्या बाजूला दिसलं तर पिल्लांना भरवणं सुरू झालंय. तिथून पुढं जास्तीत जास्त तीन आठवडे.

शिराळा_पक्षी
शुक्रवार रद्दच करा. घरटी-अंड्यांना धक्का लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच येतं. वनखात्याचा १९२६ नंबर आहे.

बिळात काडी, बॅटरी, मोबाईल घालू नका. दरडीच्या माथ्यावर ट्रॅक्टर उभा करू नका, मुरूमही टाकू नका. भिजलेली माती वजनानं बसते. समोरची आडवी फांदी तोडू नका, आत शिरण्याआधी पक्षी तिथं बसून अंदाज घेतो. माणूस जवळ असला तर तो चोचीतला घास घेऊन ताटकळतो आणि आतली पोरं उपाशी. फोटोवाल्यांना जागा सांगू नका, एवढं तरी पाळाच.

हेळवाककर
सापसुरळी कालपासून दिसतेय, डोकं बाहेर. म्हणजे अंडी फुटून पोरं निघालीत.

कोयनाकाठ
मग २१ दिवस मोजा आणि त्यानंतर सलग दोन दिवस सकाळी ये-जा थांबलीय का ते लांबून बघा. तरी लगेच यंत्र लावू नका, त्याच दरडीत दुसरी वीणही घालतात. सप्टेंबर संपला की ती पाखरं इथून हलतात. काम दिवाळीनंतरच काढा, तोवर माती वाळल्यानं कटिंगही सरळ येईल. सगळ्या दरडीला दगडी पिचिंग (दगड बसवून अस्तर) मात्र करू नका. ओढ्याकडची पाच-सहा फूट लांबीची उभी माती बिळासाठी उघडी सोडा.