दोन नमुन्यांवर नवी प्रजाती? जाहीर कराच!

टाचणी: 'देवराई' यांनी काल लिहिलंय की संग्रहालयातल्या एक-दोन जुन्या नमुन्यांवरून कीटकाची नवी प्रजाती जाहीर करणं ही निव्वळ नावाची हाव आहे, आधी रानातून ताजे नमुने आणा. राहवलं नाही म्हणून लिहितोय. डार्विनने १८३२ मध्ये अर्जेंटिनात बाहिया ब्लांकाला पकडलेला भुंगेरा लंडनच्या संग्रहालयाच्या मालकीचा, तरी २०१४ पर्यंत बिननावाचा होता. 'डार्विनिलस' नाव मिळालं तेव्हा जगात त्याचे नमुने होते दोन, आणि दुसराही १९३५ पूर्वीचा. अजून किती थांबायचं होतं?

देवराई: ते दोन्ही नर आहेत. मादी कशी दिसते, सांगा! माझ्या पीएच.डी.चा मोठा काळ एकाच माशीच्या तीन नावांचा गुंता सोडवण्यात गेला. तिन्ही नावं एकेका नमुन्यावर दिलेली, नराला एक, मादीला दुसरं. नाव देणारे मोकळे होतात, निस्तरायचं आम्ही.

नाकतोडा: ताजे नमुने आणा म्हणे! परवाना कोण देणार? माझा अर्ज एका कार्यालयात पावसाळाभर पडून होता आणि तो किडा दिसतो फक्त पहिल्या पावसात. हौशी माणसाने जाळं हातात घेतलं की तो चोर. मग फोटो का चालू नये? दक्षिण आफ्रिकेतली मार्लेयिमिया माशी २०१५ मध्ये फोटोंवरूनच जाहीर झाली ना?

देवराई: झाली, आणि त्याविरुद्ध शेकडो वर्गीकरणतज्ज्ञांनी सह्या केल्या. जवळच्या प्रजाती ओळखायला जननेंद्रियं पाहावी लागतात, ती फोटोत तपासता येतात? डीएनए काढता येतो?

नाकतोडा: ओळखपत्र गळ्यात असलं की असं बोलता येतं. आमच्या तालुक्यातले किडे तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलेत? वर्षानुवर्षं रात्री दिवा लावून नोंदी आम्ही ठेवायच्या आणि शेवटी आम्हीच अडाणी!

देवराई: अडाणी कोणीही म्हटलेलं नाही. शब्द तोंडात घालू नका.

टाचणी: अहो, फोटोंचा धागा वेगळा काढा. बर्लिनमध्ये नामिबियाचा एक आणि लंडनमध्ये टांझानियाचा एक, असे जुने नमुने होते. त्यांच्यावरून २००२ मध्ये कीटकांचा अख्खा नवा गण (सगळे भुंगेरे मिळून एक गण, एवढा मोठा गट) जाहीर झाला, १९१४ नंतरचा पहिला! ते नमुने ओळखले गेले म्हणून नामिबियातल्या ब्रांडबर्ग डोंगरावर मोहीम गेली आणि जिवंत किडे हाती लागले. काय शोधायचं तेच माहीत नसेल तर रानात जाऊन करणार काय? आणि खणातला नमुना तरी कायमचा असतो का? २०१८ च्या आगीत रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयातला सुमारे ५० लाख कीटकांचा संग्रह जवळजवळ सगळा गेला. त्यातले बिननावाचे आता कोणालाच कळणार नाहीत.

देवराई: गणाचं मान्य. तेवढा फरक एका नमुन्यातही दिसतो, जवळच्या प्रजातींमधला दिसत नाही. जवळच्या सगळ्या प्रजातींशी नीट तुलना केली असेल तर करा जाहीर, अडवत नाही. फोटोवरून मात्र मुळीच नाही.

नाकतोडा: आणि परवान्याचं? त्यावर एकानेही उत्तर दिलेलं नाही.