'शूटिंग ॲन एलिफंट': अपराधभाव नेमका कशाचा?

प्रश्न: जॉर्ज ऑर्वेलच्या या निबंधावर (१९३६) एम.ए.साठी टिपण लिहितोय. त्यात इंग्रजी अमलाखालच्या ब्रह्मदेशातला गोरा पोलीस अधिकारी, म्हणजे निवेदक, एका मजुराचा जीव घेतलेल्या हत्तीला गोळ्या घालतो. हत्ती मारल्याचा अपराधभाव निवेदकाला छळतो, म्हणून निबंध साम्राज्यविरोधी, अशी मांडणी केलीय. पण शेवटी 'मजूर मेला याचा आनंदच झाला' असं तो म्हणतो, तिथे गाडी अडते. काय चुकतंय?

प्रतिसाद १: गाडी योग्य जागी अडलीय. मूळ इंग्रजीत 'गिल्ट' हा शब्द कुठे येतो ते पाहा. हत्तीपाशी नाही, पार सुरुवातीला: लॉकअपच्या घाणेरड्या पिंजऱ्यांतले कैदी, बांबूच्या फटक्यांचे वळ उठलेले कुल्ले. अपराधभाव आहे तो हा. आणि त्याच तरुण अधिकाऱ्याला एखाद्या भिक्षूच्या पोटात संगीन खुपसावीशीही वाटते. दोन्ही वाक्यं एकत्र उद्धृत करा. एकच घेतलं की निवेदक उगाच सज्जन दिसतो.

हत्तीच्या प्रसंगात भावना वेगळी आहे. मागे दोन हजारांवर लोक जमलेत, ते हसतील ही भीती. त्यापायी तो हत्तीला मारतो, आणि तेही चुकीच्या जागी नेम धरून: एका कानाच्या छिद्रापासून दुसऱ्यापर्यंतची रेघ धरायची, तर निवेदक, मेंदू पुढे असेल असं समजून, कानाच्या कित्येक इंच पुढे गोळी झाडतो. हत्ती मरायला अर्धा तास लागतो. हे सगळं 'पश्चात्ताप' या एका शब्दात कोंबू नका.

प्रतिसाद २: वरच्याशी सहमत. 'इंग्रज विरुद्ध ब्रह्मी' अशी दोनच खाती पाडलीत, तर तीही बदला. मेलेला मजूर कोरिंगी, म्हणजे तेलुगू किनाऱ्यावरून आलेला. हत्तीचा मालकही हिंदुस्थानी, म्हणून तो चिडला तरी काही करू शकत नाही. जिवंत हत्ती किमान शंभर पौंडांचा. मेल्यावर उरते सुळ्यांची किंमत, फार तर पाच पौंड. शेवटी तरुण गोरे म्हणतात की हत्ती कुठल्याही कोरिंगी मजुरापेक्षा मोलाचा. तुमचं अडलेलं वाक्य लगेच त्यानंतर येतं: मजुराच्या मरणाने निवेदकाला कायद्याचं संरक्षण मिळालं. त्याची सुटका होते ती या जोरावर.

प्रतिसाद ३: जोडीला ऑर्वेलचाच ब्रह्मदेशातल्या तुरुंगावरचा 'अ हँगिंग' (१९३१) हा निबंध घ्या. फाशीकडे नेला जाणारा हिंदू कैदी वाटेतलं डबकं चुकवायला किंचित बाजूला होतो, आणि धडधाकट माणसाला मारणं म्हणजे काय ते निवेदकाला तिथे उमगतं. पण तो काहीच करत नाही. फाशीनंतर सगळे मोठमोठ्याने हसतात, गोरे आणि देशी मिळून दारू पितात. प्रेत शंभर यार्डांवर असतं.