अनुभव: खोटी विधानसभा, खरे पक्ष

झिरोमाईलकर: अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सला अडकलो होतो. भाचा शेजारी फोनवर ऑनलाइन खोटा-खोटा 'देश' चालवत होता. त्यांची घटना लिहिणं सुरू आहे, भांडण एकच: पक्षांवर बंदी घालायची का? मला हॉस्टेलची अभिरूप विधानसभा आठवली. सरांनी पक्ष काढायचेच नाहीत म्हणून बजावलं होतं. आठवड्यात वऱ्हाडवाले एका बाजूला, झाडीपट्टीवाले दुसऱ्या. नाव नाही, जाहीरनामा नाही, पण हात बरोबर एकदम वर! मेसचे पैसे वाढवायचा ठराव असाच पास झाला. जाब विचारावा तर सगळे अपक्ष. तुमचे अनुभव लिहा.

तर्री_जास्त: कोणतं हॉस्टेल? पिवळ्या पाण्याला वरण म्हणायचे तेच का बे?

काटोलची_संत्री: आमच्या गावी दरवेळी हेच. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसते, म्हणून पॅनल. पॅनल कोणाचं ते शेंबड्या पोरालाही माहीत. निकालानंतर एकच सरपंच दोन पक्षांच्या यादीत!

महालातली_मावशी: मी बंदीच्या बाजूने. शाळेच्या मंत्रिमंडळात आम्ही पक्ष काढू दिले. एक पोरगी स्वच्छतागृहाच्या नळाबद्दल बोलायला उठली तर तिच्याच गटनेत्याने खाली बसवलं, 'पक्षाची भूमिका ठरली आहे' म्हणून. वय वर्षं तेरा. कुकरची शिट्टी झाली, येते.

बुटीबोरी_शिफ्ट: मावशी, तो पोरगा आता कुठे आहे? तिकीट मिळालं असंल 😂

कायद्याचं_बोला: मूळ राज्यघटनेतही राजकीय पक्षांचा उल्लेख नव्हता. 1985 ला पक्षांतरबंदीसाठी दहावं परिशिष्ट आलं तेव्हा तो आला. तेव्हा एक तृतीयांश फुटले तर आमदारकी वाचायची. ती सवलत 2003 ला काढली. आता विलीनीकरणाला दोन तृतीयांश लागतात. तरी काय काय होते ते आपण पाहूनच राहिलो. भाच्याला म्हणा, पक्ष राहू दे, नोंदणी कर, फुटण्याचे नियम आधी लिही.

झिरोमाईलकर: वाचून दाखवलं. म्हणतो, 'मामा, आमचे अध्यक्षच रात्रीतून नवे आयडी काढून स्वतःला मतं देतात.'

काटोलची_संत्री: मग पक्षाचं काऊन घेऊन बसले? मतदार यादी पाहा ना आधी!

बुटीबोरी_शिफ्ट: वर्धा रोड मोकळा आहे का कोणी सांगा. आईला विमानतळावर सोडायचं आहे.

तर्री_जास्त: मेट्रोनं ने.

बुटीबोरी_शिफ्ट: सोबत लोणच्याच्या बरण्या आहेत राजा.