प्युअर कॉटन म्हणून घेतलं आणि आटलं, पावसाळ्यात रोजच्याला कापड कुठलं घ्यावं?

खानापूरची वहिनी:
नमस्कार सगळ्यांना. दोन्ही पोरींचे ड्रेस मी घरीच शिवते. बेळगावच्या बाजारातनं प्युअर कॉटन म्हणून मीटरवर कापड आणलं, हाताला मऊ, अंगावर गार, सगळं चांगलं, पण दुसऱ्या धुण्यात कुडता चार बोटं वर गेला आणि काखेत शिवणीजवळ विरला पण. दुकानदार म्हणतोय कॉटन आटणारच. आमच्याकडचा पाऊस माहितीच आहे, जुलैत दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत, कुबट वास मारतोय. थोरली बसनं बेळगावला कॉलेजला जाते, धाकटी शाळेत. रोजच्याला काय घ्यावं आणि दुकानातच ओळखावं कसं?

शहापूरचा टेलर:
वहिनी, मऊ, गार आणि अंगावर लोंबणारं होतं म्हणजे रेयॉन असणार बघा. ते लाकडाच्या लगद्यापासनं करतात, घाम चांगला शोषतंय, कापड वाईट नव्हे. पण ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि सुती उलट ओलं असताना जास्त मजबूत. म्हणून दगडावर आपटलं, पिळलं की रेयॉन शिवणीला जातंय. कडेचा एक धागा ओढून घ्या, मधोमध ओला करा आणि दोन्हीकडनं ताणा, ओल्या जागीच पटकन तुटला तर रेयॉन. काडी लावून कॉटन आणि रेयॉनमधला फरक कळत नाही, दोन्हीला कागद जळल्याचा वास आणि मऊ राख. पॉलिस्टर मात्र आकसून वितळतं, टोकाला कडक गाठ होते.
आणि सुती पण शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात घाला, वाळवून इस्त्री मारून मगच कातरा. मीटरमागं तीन-चार सेंटीमीटर आटतंयच, त्या हिशोबानं थोडं जास्तच घ्या.

वडगाव, घरी माग होते:
टेलरदादांचं बरोबर. माझं सांगणं खळीबद्दल. विणताना उभ्या धाग्याला खळ लावावीच लागते, नाहीतर मागावर घासून धागा तुटतोय, त्यात खोटं काही नाही. पण नंतर फिनिशिंगला भरपूर खळ मारून विरळ कापड जाड भासवतात ते वाईट. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून खसाखसा चोळायचं, खाली पांढरी पूड पडली आणि चोळलेली जागा उजेडाकडं धरल्यावर आरपार दिसायला लागली तर सरळ ठेवून द्यायचं, दुकानदार काय म्हणेल म्हणून लाजायचं नाही. घरात घालायला इचलकरंजीचं पॉपलीन, केंब्रिक, म्हणजे घट्ट विणीचं साधं सुती चांगलं, हातानं निवडून घेतलं की वर्षानुवर्षं टिकतंय.

निपाणीकर:
पावसाळ्यात शंभर टक्के कॉटनचा हट्ट नको की. सुती कापड हवेतनंच आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओल धरतंय, पॉलिस्टर अर्धा टक्का पण नाही, म्हणून टेरिकॉट, म्हणजे कॉटन-पॉलिस्टर मिक्स, लवकर वाळतं. बसमध्ये भिजत जाणाऱ्या पोरीला जून ते सप्टेंबर तेच द्या, कुबट वास पण कमी. आतले कपडे मात्र सुतीच. आणि गॅसपुढं, चुलीपुढं पॉलिस्टरचा गाऊन अजिबात नको, पेटला तर वितळून कातडीला चिकटतोय. हे घरातल्या सगळ्या बायकांना सांगा.

खानापूरची वहिनी:
उरलेल्या तुकड्याचा धागा ओला करून ताणला, लगेच तुटला. रेयॉनच! थोरलीला मिक्स घेते. आणि त्याला अस्तर कुठलं लावू?

शहापूरचा टेलर:
मलमल लावा, पातळ केंब्रिक पण चालतंय. अस्तर आधी भिजवून घ्याच, तुमचं वरचं मिक्स फारसं आटणार नाही आणि आतलं सुती आटलं की ड्रेस आतनं ओढल्यासारखा बसतोय, मग सगळी शिवण उसवावी लागते. गडद रंग असला तर पहिली दोन-तीन धुणी वेगळी करा, मीठ घालून रंग पक्का होत नाही.