रामाल्यो इयानेश: खुर्ची सोडलेला जनरल

नेहमी म्हटलं जातं की लष्करी माणूस एकदा सत्तेत आला की हलत नाही. पोर्तुगालचे जनरल रामाल्यो इयानेश हा चांगला अपवाद आहे. तरुणपणी ते पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातही नेमणुकीवर होते. २५ नोव्हेंबर १९७५ चं डाव्या सैनिकांचं बंड मोडणाऱ्या कारवाईची सूत्रं त्यांच्याकडे होती. १९७६ मध्ये सुमारे ६१ टक्के मतं घेऊन ते राष्ट्राध्यक्ष झाले, १९८० मध्ये पुन्हा निवडून आले आणि १९८६ मध्ये मुदत संपताच पायउतार झाले. १९८२ च्या घटनादुरुस्तीने त्यांचे अधिकार छाटले, तेही त्यांनी स्वीकारलं.

खरी गंमत पुढे आहे. त्यांच्या पाठीराख्यांच्या 'पीआरडी' (लोकशाही नूतनीकरण पक्ष) या पक्षाने १९८५ मध्ये पहिल्याच फटक्यात संसदेच्या ४५ जागा जिंकल्या. मग इयानेश स्वतः पक्षाध्यक्ष झाले. १९८७ मध्ये याच पक्षाने पंतप्रधान काव्हाकू सिल्व्हा यांचं अल्पमतातलं सरकार अविश्वास ठरावाने पाडलं. हा शुद्ध आततायीपणा! मध्यावधी निवडणुकीत काव्हाकूंना स्पष्ट बहुमत आणि पीआरडीच्या हाती जेमतेम ७ जागा. इयानेशनी पक्षाचं नेतृत्व सोडलं. पुढे मार्शलपद, म्हणजे लष्करातला सर्वोच्च हुद्दा, देऊ केलं, तर तेही नाकारलं.