न्यूटोनियन (आरशाचा टेलिस्कोप) फोटोसाठी अपग्रेड करायचाय, सुरुवात नेमकी कुठून करू?

काळोखवेडा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबण लागलीय त्याबद्दल आधीच सॉरी.

माझ्याकडे १५० मिमीचा न्यूटोनियन आहे, फोकल लेंथ ७५०, म्हणजे एफ/५ (७५० भागिले १५०). दोन वर्षं नुसतं डोळ्यांनी बघितलं, शनीची कडी, गुरूचे चंद्र, मृगातला तेजोमेघ, सगळं झालं, आणि मग व्हायचं तेच झालं, फोटोचं खूळ डोक्यात शिरलं. माउंट (नळी धरून ताऱ्यांमागे फिरवणारं स्टँड) इक्यू-३ टाइपचं, एकाच अक्षावर मोटर. कॅमेरा जुना कॅनन डीएसएलआर, एपीएस-सी सेन्सरवाला.

पहिल्याच रात्री घोडं अडलं. कॅमेरा थेट लावला तर फोकसच होईना, फोकसर (आयपीस किंवा कॅमेरा धरून आतबाहेर सरकणारा भाग) पार आत घातला तरी तारे बांगडीएवढे. मग कुठेतरी वाचलं म्हणून मधे २ पट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) घातला, फोकस झाला एकदाचा, पण चित्र अंधारं आणि ३० सेकंदांचं एक्सपोजर दिलं की सगळे तारे एकाच दिशेला ओढल्यासारखे, अळ्याच जणू. मित्राचा मिररलेस बुटक्या अडॅप्टरने लावून बघितला तर तो बार्लोशिवाय फोकस झाला, पण कोपऱ्यातले तारे शेपट्या काढून बसलेले, मधले मात्र ठीक.

आता डोक्यात इतके पर्याय आहेत की रात्री झोप नाही (तशीही नसतेच म्हणा). ट्यूब कापून छोटी करू का? का हे सगळं सोडून थेट २०० मिमी घेऊ? का कूल्ड कॅमेरा (सेन्सर थंड ठेवणारा)? गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारत राहणं)? सगळं एकदम जमणार नाही, एकेक करत जायचंय. तुम्ही असता तर पहिला हात कशाला घातला असता?

मृगव्याध:
पहिला हात पाकिटाला नाही, फुटपट्टीला. तुमचे तीन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही एकच औषध शोधताय.

तारे बांगडीएवढे म्हणजे प्रतिमा जिथे तयार होते तिथे सेन्सर पोचतच नाहीये. आयपीस लावून बघायला बनवलेल्या न्यूटोनियनमध्ये ही जागा फोकसरच्या थोडीच वर असते. कॅननच्या बॉडीत माउंटच्या कडेपासून सेन्सर ४४ मिमी आत, त्यावर टी-रिंगचे (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) ११, झाले ५५. एवढी जागा तुमच्या फोकसरपाशी नाही. मिररलेस बसला कारण तो पातळ आणि अडॅप्टर बुटका. उद्या त्यालाच नेहमीची लांब टी-रिंग लावलीत तर परत ५५ होतील आणि परत बांगड्या.

सगळे तारे एकाच दिशेला ओढलेले, मध्यातलेही, तर ते ट्रॅकिंग, म्हणजे माउंटचं ताऱ्यांमागे फिरणं, चुकतंय. आरशाचा काही संबंध नाही. आणि बार्लोने तुम्ही ते स्वतःच दुप्पट केलंत, ७५० चे १५०० झाले, एफ/५ चं एफ/१० झालं, म्हणजे तेवढाच उजेड गोळा करायला चौपट वेळ. कमी ताकदीचं माउंट आणि त्याच्याकडूनच चौपट वेळाची अपेक्षा, कसं व्हायचं.

कोपऱ्यातल्या शेपट्या म्हणजे कोमा. पॅराबोलिक आरशाचा तो जन्मजात गुण आहे, मध्यापासून जितकं लांब जाल तितका वाढतो, आणि एफ/५ ला तर चांगलाच दिसतो. त्यावर उपाय एकच, कोमा करेक्टर.

म्हणून २०० मिमीचा विचार आत्ता डोक्यातून काढा. त्या जड नळीला हे माउंट अजूनच कुरकुरेल. कूल्ड कॅमेऱ्याने पण ओढलेले तारे ओढलेलेच येणार, फक्त कमी नॉइजमध्ये.

माउंटचं एक करा. बार्लो काढा आणि एकाच ताऱ्याचे २०-२० सेकंदांचे फोटो सलग अर्धा तास काढा, मग एकापाठोपाठ एक भराभर बघा. तारा सावकाश एकाच बाजूला सरकत गेला तर पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) चुकलीय, ते फुकटात सुधारतं. पुढे-मागे पुढे-मागे झुलत असेल तर ती गिअरची पिरिऑडिक एरर, दर फेरीला परत येणारी तीच चूक. तुमच्या सेन्सरचा पिक्सेल साधारण ४.३ मायक्रॉनचा धरला तर ७५० ला एक पिक्सेल म्हणजे जवळपास १.२ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद), आणि या वर्गातल्या माउंटची एरर ३०-४० आर्कसेकंद असली तरी कुणी भुवई उंचावत नाही. आता बघा.

तिरकस:
विकून टाका आणि छोटा रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) घ्या. ४०० मिमी फोकल लेंथ, हलका, कॉलिमेशनची (आरसे एका रेषेत जुळवण्याची) कटकट नाही, तेच माउंट निम्म्या त्रासात चालेल. न्यूटोनियनने फोटो काढणारे निम्म्या रात्री स्क्रू फिरवत असतात, हे मी स्वतः पाच वर्षं फिरवून सांगतोय.

जुनाआरसा:
तिरकसराव, तुमचं म्हणणं चूक नाही, पण १५० मिमीचा उजेड ६०-७० मिमीच्या भिंगातून येत नाही हो, आणि ज्याला स्क्रू फिरवायला आवडतं त्याला का अडवा.

काळोखवेडा, ट्यूब कापू नका!! निदान मोजल्याशिवाय तरी नाही. चंद्र असेल त्या रात्री हे करा. आयपीस काढा, फोकसर पूर्ण आत, नळी चंद्रावर रोखा आणि फोकसरच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर धरून हळूहळू वर न्या. एका जागी चंद्राचं बिंब कागदावर स्वच्छ उमटेल, ७५० ला साधारण ७ मिमीचं, डाग दिसण्याइतकं टोकदार. कागद तिथेच धरून फोकसरच्या काठापासूनची उंची मोजा. ५५ मधून ती वजा केली की तुमची तूट मिळाली. (सूर्यावर हा प्रयोग चुकूनसुद्धा नको, कागद पेटेल आणि डोळाही जाईल.)

ही तूट भरायची म्हणजे मुख्य आरसा तेवढाच पुढे सरकवायचा. लांब बोल्ट आणि लांब स्प्रिंग घालून काही जण करतात, पण ३० मिमी लांबीच्या बोल्टवर आरसा डुलतो, नळी आकाशाच्या एका बाजूकडून दुसरीकडे वळली की कॉलिमेशन हललेलं. त्यापेक्षा सेल (आरसा धरणारी चौकट) नळीच्या आत बसणारा असेल तर अख्खा सेलच पुढे घ्या, नळीला नवीन भोकं पाडा, मागचा भाग तसाच राहू दे. पटलं नाही तर परत जुन्या जागी, कापलेली नळी काही जोडता येत नाही.

पण कोमा करेक्टर घेणार असाल तर तो आधी घ्या. काही करेक्टर फोकस बाहेर ढकलतात, काही आत ओढतात, तो लावूनच अंतिम माप घ्यायचं. नाहीतर तीच भोकं दोनदा पाडाल.

आणि भोकं पाडताना आरसे बाहेर काढून ठेवा, दोन्ही, दुसऱ्या खोलीत. माझी गंमत सांगतो. सगळं नीट केलं, आरसा परत बसवला आणि शेवटी सेकंडरीचा (पुढच्या छोट्या तिरक्या आरशाचा) स्क्रू जरासा फिरवायला गेलो, नळी उभी होती, हातातून ॲलन की सुटली. जो आवाज झाला तो अजून कानात आहे. काठाजवळ कण्हेरीच्या पाकळीएवढा टवका. फोटोत काही दिसत नाही, पण मला दिसतो. तेव्हापासून सेकंडरीला हात लावायचा तर नळी आडवीच.

लुकलुक:
जुनाआरसा दादांनी सांगितलंय त्यात थोडी भर. आरसा पुढे आला की प्रकाशाचा शंकू सेकंडरीवर जास्त जाड असतानाच आदळतो, म्हणून सेकंडरी पुरतोय का ते आधी बघ. हिशोब सोपा आहे, सेकंडरीच्या मध्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर भागिले ५. ते २३० मिमी आलं तर ४६ मिमी फक्त मधल्या ताऱ्याला लागतात, कोपऱ्यांसाठी वर अजून थोडे. तुझा सेकंडरी लहान अक्षावर ४७-५० असेल तर कोपरे जरा अंधारे येतील पण फ्लॅट फ्रेम्सनी (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोंनी) ते निघून जातं, त्यासाठी लगेच नवा सेकंडरी घेत बसू नकोस.

दुसरं म्हणजे फोकसर. याकडे कोणी बघत नाही आणि खरी गोची तिथेच असते. एफ/५ ला फोकसची सूट साधारण ०.०७ मिमी, म्हणजे केसाच्या जाडीएवढी. डीएसएलआर लावून फोकसरची नळी बोटाने हलवून बघ. टकटक हलत असेल तर लेझर कॉलिमेटरने केलेलं सगळं कॉलिमेशन कॅमेरा चढवला की वाया. लेझरचं पण एक आहे, फोकसरमध्ये तो गोल फिरवून बघ, समोरचा ठिपका वर्तुळ काढत फिरला तर लेझर स्वतःच वाकडा आहे, आणि मग तू चांगला आरसा वाकड्या लेझरला जुळवत बसशील. मी आठवडाभर बसले होते 😅 नंतर साधा चेशायर (लेझरशिवाय कॉलिमेशन करायचा आयपीस) आणला.

फोकससाठी बाख्तिनोव्ह मास्क (नळीच्या तोंडावर लावायची जाळी, ताऱ्याच्या तीन रेघा एका ठिकाणी आल्या की फोकस झाला), पुठ्ठ्याचा कापलास तरी चालतो.

काळोखवेडा:
बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. काल चंद्र होता, कागदाचा प्रयोग केला. आधी कागद हलत होता म्हणून काही कळेना, मग एका जुन्या फिल्म रोलच्या डबीचं बूड कापून त्यावर कागद ताणून बसवला आणि डबीच वरखाली केली. बिंब जमलं तेव्हा दोन मिनिटं मोजायचं विसरूनच गेलो, कागदावर विवरं दिसत होती हो!

उंची २६ मिमी. म्हणजे तूट २९. सेकंडरी मोजला, ४७.

माउंटचा पण अर्धा तास काढला. तारा झुलतोय, दहा-अकरा मिनिटांनी परत तिथेच, शिवाय हळूहळू एका बाजूला पण सरकतोय, म्हणजे दोन्ही आजार आहेत 😭 गायडिंग घेतलं तर सुटेल का यातून?

मृगव्याध:
सरकणं पोलर अलाइनमेंटने जाईल, तिथे एक पूर्ण संध्याकाळ घाला. झुलण्याला गायडिंग लागतं, पण एका अक्षाच्या मोटरवर ते अर्धवटच होणार, आणि तुमच्या कंट्रोलरला गायडिंगचं पोर्ट नसेल तर तेही नाही. तोवर एक्सपोजर लहान करा. २० सेकंदांचे २०० फोटो घेतलेत तर तासाच्या वर उजेड जमतो, त्यातले ओढलेले फेकून द्या, उरलेले डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिलमध्ये (फोटो एकावर एक रचणारी सॉफ्टवेअर) घाला. निम्मे फेकावे लागले तरी वाईट वाटून घेऊ नका. नळीचा तोल साधताना पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा म्हणजे गिअरचे दात एकाच अंगाला टेकून राहतात, यानेच माझे वाया जाणारे फोटो बरेच कमी झाले.

पैसे साठले की पहिलं माउंट. नळी आणि कॅमेऱ्याचं वजन माउंटच्या सांगितलेल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास राहील असं बघा, बघण्यासाठी दिलेला आकडा फोटोला लागू होत नाही.

जुनाआरसा:
२९ ची तूट असेल तर ३५ सरकवा, फोकसरला पुढे-मागे व्हायला वाव पाहिजे. एक फायदा फुकटात मिळेल, फोकसरची नळी आता ट्यूबच्या आत कमी घुसेल, नाहीतर मोठ्या ताऱ्यांच्या कडेला चावा घेतल्यासारखा दिसतो तो तिचाच. पण करेक्टर आधी, परत सांगतोय.

काळोखवेडा:
अपडेट. करेक्टर आला, तो लावून परत डबीचा उद्योग केला, फरक ४ मिमी निघाला, म्हणजे जुनाआरसा दादांचं ऐकलं नसतं तर भोकं चुकलीच होती. सेल ३८ मिमी पुढे घेतलाय, भोकं पाडताना आरसे कपाटात. नळी आडवी ठेवूनच सगळं केलं, आई दारात उभी राहून विचारत होती की हे उघडलंयस ते परत बसणार आहे का.

बसलं. बार्लोशिवाय फोकस झाला, मास्कच्या तीन रेघा पहिल्यांदाच एका ठिकाणी आल्या. मृगातला तेजोमेघ, २० सेकंदांचे १८० काढले, ७१ फेकले. मधला भाग पार पांढरा जळलाय, तिथले चार तारे दिसतच नाहीत, त्यासाठी उद्या ३-४ सेकंदांचे वेगळे घेणार आहे. फ्लॅट्समध्ये एका बाजूला उजेडाचा पट्टा येतोय तो कशाचा ते कळेना.

लुकलुक:
नळीचं मागचं तोंड उघडं आहे ना? आरशाच्या कडेने उजेड आत येतोय. काळं कापड बांध आणि परत घे.