'कर नाही त्याला डर कशाला' म्हणणाऱ्यांना

हडसनकाठ (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी सहज लिहून गेलो की डिसेंबर आलाय, संरक्षण खर्चाचं वार्षिक विधेयक, आपलं एनडीएए, पुन्हा अमेरिकी काँग्रेससमोर आहे. इथल्या मतदारांनी आपापल्या सिनेटरला फोन करा आणि सांगा, २०१२ या आर्थिक वर्षाच्या एनडीएएतल्या कलम १०२१ मधून (दहशतवादाच्या संशयावरून विनाखटला लष्करी ताब्यात ठेवायची मुभा देणारं ते) नागरिकांना स्पष्ट शब्दांत वगळा. त्यावर डॅलसकर यांचा प्रतिसाद: "कर नाही त्याला डर कशाला? आपण इथे आलो, कमावलं, पोरं शिकवली. कोथिंबीर घ्यायला निघालेल्या माणसाला लष्कर उचलून नेणार आहे का? उगाच लोकांना घाबरवू नका."

दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

३१ डिसेंबर २०११. ओबामा हवाईत सुट्टीवर, आणि तिथून या कायद्यावर सही झाली. सोबत निवेदन जोडलं की माझं प्रशासन अमेरिकी नागरिकांना विनाखटला बेमुदत लष्करी अटकेत ठेवणार नाही. म्हणजे शेजाऱ्याने आपल्या घराची किल्ली करून घ्यायची आणि वर म्हणायचं, काळजी करू नका, मी काही येणार नाही. बरं, शेजारी सज्जन आहे असं धरू. पण त्या घरातला भाडेकरू दर चार-आठ वर्षांनी बदलतो.

आणि हे कल्पनेतलं नाही. होझे पडिला, जन्म ब्रुकलिनचा. मे २००२ मध्ये शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पकडला. महिन्याभरात बुश यांनी त्याला 'शत्रू लढवय्या' ठरवलं आणि रवानगी चार्ल्सटनच्या नौदल तुरुंगात. साडेतीन वर्षं. त्यातली जवळपास पहिली दोन वकिलाची गाठसुद्धा नाही. ज्या डर्टी बॉम्बच्या (किरणोत्सर्गी बॉम्बच्या) बातमीवर त्याला उचललं, तो बॉम्ब शेवटी आरोपपत्रात नव्हताच.

मी फोन केला. एका तरुण मुलीने उचलला, पिनकोड विचारला, "तुमचं मत साहेबांपर्यंत पोचवते" म्हणाली. सव्वा मिनिट. एवढंही जड आहे का?

डॅलसकर

माझं नाव घेऊन धागा काढलात, धन्यवाद. आता अर्धवट सांगितलेलं पूर्ण करतो. पडिलाला मायामीच्या न्यायालयात ज्युरीने दोषी ठरवलं. आधी १७ वर्षं, नंतर वाढवून २१. संत नव्हता.

दुसरं, १०२१ चं उपकलम (ई) तुम्ही सोयीस्कर गाळलंत. त्यात स्वच्छ लिहिलंय की नागरिक, कायम रहिवासी आणि अमेरिकेत पकडलेले इतर यांच्या बाबतीतल्या विद्यमान कायद्यावर या कलमाचा परिणाम होणार नाही. विषय संपला. साप म्हणून भुई धोपटायची सवय आहे काही जणांना.

हडसनकाठ

गाळलं नाही, तुम्ही आणणार याची वाट बघत होतो.

"विद्यमान कायदा" म्हणजे नेमका कोणता? वाद तिथेच आहे. नागरिकाला असं ठेवता येतं की नाही यावर तिथल्या कोणाचंच एकमत नाही. सिनेटर ग्रॅहम सभागृहात उभे राहून म्हणत होते की मायभूमीसुद्धा रणांगणच आहे. उलट बाजूने फाइनस्टाइन आणि ली या सिनेटरांनी २०१२ च्या नोव्हेंबरात नागरिकांना विनाखटला ठेवायला मनाई करणारी दुरुस्ती आणली. ती ६७ विरुद्ध २९ अशी पास झाली आणि दोन्ही सभागृहांच्या समझोत्यात गळून पडली. कलम इतकं निरुपद्रवी होतं तर एक वाक्य ठेवायला काय हरकत होती?

आणि पडिला दोषी ठरला तो ज्युरीसमोर. माझं म्हणणं तेच आहे हो! खटला चालवता येत होता. मग आधीची साडेतीन वर्षं कशासाठी?

रांगेतला_एक

"नागरिकांना वगळा." वा. म्हणजे आम्ही उरलो लष्कराला.

तेरा वर्षं इथे कर भरतोय. ग्रीन कार्डच्या रांगेत माझा मुलगा एकवीसचा व्हायला आला. तुमच्या फोनच्या यादीत आमचा नंबर कधी लागणार? नागरिकत्व मिळालं की माणूस शिडी वर ओढून घेतो, हे या संस्थळावर दहा वर्षं बघतोय.

डॅलसकर

प्रत्येक धाग्यावर ग्रीन कार्ड. पाककृतीच्या धाग्यावरही हेच.

रांगेतला_एक

पाककृतीच्या धाग्यावर एकदाच लिहिलं होतं आणि तेही तुम्ही "लीगल मार्गाने या" असं म्हणाल्यावर. मी लीगलच आहे साहेब.

बोरूबहाद्दर

विषयात मला गती नाही, पण धाग्यातलं 'बेमुदत लष्करी अटक' डोळ्यांत खुपतंय. अटक ही एक घटना. पकडलं की झाली. खटल्याविना अडकवून ठेवतात त्याला मराठीत चांगला शब्द आहे, स्थानबद्धता. आणि 'बेमुदत' संप असतो, उपोषण असतं. इथे 'अनिश्चित काळासाठी' म्हणावं.

वीणा_म

बोरूबहाद्दर, माझ्या आजीला 'स्थानबद्ध' म्हणता यायचं नाही. ती म्हणायची, "आमच्या दादाला मिसा लागला." जशी कावीळ लागते किंवा बाधा होते, तसं. मिसा म्हणजे आणीबाणीत ज्याखाली लोकांना खटल्याविना डांबलं तो कायदा.

इथे लिहायचं नव्हतं, पण ती म्हण वाचली आणि हात शिवशिवले.

जुलै १९७५. वडील तालुक्याच्या गावी गणित शिकवायचे. ना संघाचे, ना समाजवादी. वाचनालयाच्या निवडणुकीत एका वजनदार माणसाशी वाजलं होतं, एवढंच. रात्री अडीचला जीप आली. फौजदार ओळखीचे, त्यांची मुलगी वडिलांच्याच वर्गात. ते दाराशी बूट काढून आत आले, हे आई शेवटपर्यंत सांगायची. कागद सायक्लोस्टाइल केलेला, नाव तेवढं शाईने भरलेलं, त्यातही वडिलांच्या वडिलांचं नाव चुकीचं. कारणाच्या जागी काही नाही. २९ जूनच्या वटहुकमाने कारण सांगायची गरजच काढून टाकली होती.

आई डबा भरायला लागली. वडील म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला? सकाळी येतो."

चौदा महिन्यांनी आले.

भेट वीस मिनिटांची, मध्ये एक हवालदार बसून सगळं लिहून घेणार. म्हणून आजीने भाषा काढली. "म्हैस आटली" म्हणजे शाळेने पगार थांबवला. "म्हशीला गिऱ्हाईक आलंय" म्हणजे माफीच्या कागदावर सही घ्यायला माणूस येऊन गेला. "विकायची नाही," वडील म्हणायचे. तिसऱ्या-चौथ्या भेटीत हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि कळवळून म्हणाला, "आजी, सरकी सुरू करा, दूध उतरंल." आमच्याकडे आयुष्यात म्हैस नव्हती.

सनद_नागपूर

वीणाताई, नमस्कार घ्या.

धागा वाचताना एक तारीख डोक्यात घोळतेय. २८ एप्रिल १९७६, एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल. आणीबाणीत स्थानबद्धाला कोर्टात दाद मागता येते का, हा प्रश्न. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एकने तो फिरवला. बहुमतात आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. एकटे खन्ना विरोधात. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश. २०१७ ला धनंजय चंद्रचूडांनी वडिलांचा निकाल चुकीचा ठरवला. एकेचाळीस वर्षं.

आता तिकडे बघा. २८ एप्रिल २००४, हमदी (तोही विनाखटला धरलेला अमेरिकी नागरिक) आणि पडिला, दोन्हींची सुनावणी एकाच दिवशी. छळाचा प्रश्न निघाला, तर सरकारी वकील म्हणाले, आमचं सरकार तसलं काही करत नाही. त्याच रात्री टीव्हीवर इराकमधल्या अबू घरेब तुरुंगातली कैद्यांच्या छळाची छायाचित्रं आली. आणि २८ एप्रिल २०१४ ला याच १०२१ ला आव्हान देणारा हेजेस खटला ऐकायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. खालच्या न्यायाधीश फॉरेस्ट यांनी कलम घटनाबाह्य म्हटलं होतं. वरच्या कोर्टाने ते उडवलं ते, तुम्हाला दावा लावण्याचा हक्कच पोचत नाही, या मुद्द्यावर. कलम बरोबर की चूक, ते राहिलंच.

पंचांगवाल्यांनी खुलासा करावा.

रोखठोक_नाना

अमेरिकेच्या सिनेटरला फोन करायच्या गप्पा भारतीयांनी कशाला ऐकायच्या? आपल्याकडे १९८० पासून रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा) आहे, खटल्याविना बारा महिने आत. त्यावर किती धागे काढलेत?

आणि मिसाची रडगाणी पुरे झाली. २०१८ पासून महिन्याला दहा हजार मानधन चालू आहे. महिन्याच्या आत सुटला त्याला पाच. पंधरा दिवस आत राहून कॅरम खेळले तेही आता लोकशाहीचे शिलेदार.

सातपुडा

नाना, माहिती अर्धी आहे. २०२० मध्ये बंद केलं, २०२२ मध्ये सुरू केलं, २०२५ मध्ये दुप्पट केलं. माझे काका १९ महिने आत होते. मंत्रालयात सरकार बदललं की त्यांच्या पासबुकात कळतं.

रोखठोक_नाना

काकांना दंडवत. पण माफीनामे लिहून बाहेर आलेल्यांनाही तेच वीस हजार ना? त्यांची यादी जाहीर करा, मग बोलू.

सातपुडा

कोणाच्या घरी मूल आजारी होतं, कोणाची नोकरी गेली. सही केली असेल एखाद्याने. तुम्ही त्या वेळी कुठे होतात?

रोखठोक_नाना

चौथीत. आणि माझे वडील रेल्वेत. गाड्या वेळेवर धावत होत्या हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, कोणी काही म्हणो.

सातपुडा

झालं. आल्या गाड्या.

वीणा_म

वडील २००४ मध्ये गेले. विधवांना निम्मं मिळत होतं, आईने अर्ज केला नाही. अर्जाला स्थानबद्धतेच्या आदेशाची प्रत लागते म्हणाले. ती म्हणाली, त्या कागदावर सासऱ्यांचं नाव चुकीचं आहे, मी तो खरा म्हणून सही करणार नाही. नाना, कॅरमचं माहीत नाही. परत आल्यावर वडील न्हाणीघराची कडी लावत नसत. आम्ही बाहेरून हाक मारून आत जायचो, कोणी आहे का विचारत.

रोखठोक_नाना

तुमच्या वडिलांबद्दल नव्हतं ते. शब्द जास्त गेला असेल. मानधनावरचं मत कायम.

डॅलसकर

वीणाताईंबद्दल आदर आहे. पण ती इंदिरा गांधींची आणीबाणी होती. इथल्या संस्था भक्कम आहेत. २०११ नंतर या कलमाखाली लष्कराने धरलेला एक, फक्त एक अमेरिकी नागरिक दाखवा.

हडसनकाठ

दाखवतो. सप्टेंबर २०१७, सीरियात पकडला आणि इराकमध्ये अमेरिकी लष्कराच्या ताब्यात गेला. अमेरिकी आणि सौदी, दुहेरी नागरिक. कोर्टाच्या कागदांत नाव 'जॉन डो'. तेरा महिने, आरोपपत्र नाही. सरकारने जे आधार सांगितले त्यात तुमचं १०२१ होतं. शेवटी ऑक्टोबर २०१८ मध्ये बहारीनला सोडून दिला.

डॅलसकर

आयसिसच्या मुलखात काय तो हुरडा खायला गेला होता?

हडसनकाठ

नसेलही. मग चालवा खटला! पुरावा असेल तर ठेवा जन्मभर आत. पुरावा आहे पण दाखवणार नाही, हे कोणत्या भक्कम संस्थेत बसतं? आणि तुमच्या त्याच भक्कम संस्थांनी १९४२ नंतर सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत घातलं. दोन तृतीयांश नागरिक. सर्वोच्च न्यायालयाने कोरेमात्सू खटल्यात त्याला मान तुकवली. त्यातले किती जण कोथिंबीर घ्यायला निघाले होते?

त्याच लाजेतून १९७१ चा कायदा झाला की काँग्रेसच्या कायद्याशिवाय नागरिकाला स्थानबद्ध करता येणार नाही. (बघा बोरूबहाद्दर, शिकतोय.) आता १०२१ हाच तो "काँग्रेसचा कायदा" असं उद्या कोणी म्हणालं, तर अडवणार कोण?

सनद_नागपूर

जपानी छावण्यांवर आपणही फार मान वर करू नये. १९६२ च्या युद्धानंतर आसाम-बंगालमधले सुमारे ३,००० चिनी वंशाचे लोक आपण रेल्वेत बसवून राजस्थानातल्या देवलीला नेले. काही चार-पाच वर्षं तिथेच. अमेरिकेने १९८८ मध्ये माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. देवलीवाल्यांना साधं 'चुकलं' एवढंही नाही.

रांगेतला_एक

देवलीतल्या कितींकडे नागरिकत्वाचे कागद होते? विचारतोय, कारण कागद बघून कोणी गाडीत बसवलं नसणार. मूळ धाग्यातला 'नागरिकांना' हा शब्द अजूनही बदललेला नाही, एवढंच.

हडसनकाठ

मान्य. फोनवर मी 'नागरिक'च म्हणालो, कारण तेवढं तरी पास होईल असं वाटलं. सौदेबाजी होती. उद्या पुन्हा करतो, 'कोणालाही' म्हणतो.

डॅलसकर

मी फोन करणार नाही. माझ्या सिनेटरचं मत मला माहीत आहे, सव्वा मिनिटात ते बदलत नाही. ईमेल टाकलाय, दोन ओळी. पडिलाबद्दल अजूनही तुमच्याशी असहमत आहे, आणि तुमच्या किल्लीच्या उपमेमुळे तर मुळीच टाकलेला नाही. म्हशीमुळे टाकलाय.

वीणा_म

म्हैस टेक्सासला पोचली म्हणायची.

बोरूबहाद्दर

पोहोचली.